हँडल कधी ओढायचं? बाहेर फेकलं जाण्याचे नाना प्रकार

खटपट्या (धागाकर्ता)

२० मार्च २०१९ची गोष्ट, फ्रान्समधल्या सँ-दिझिए हवाई तळावरची. ६४ वर्षांच्या एका गृहस्थांना सहकाऱ्यांनी सरप्राइज दिलं: राफेलच्या मागच्या सीटवरून एक चक्कर. लढाऊ विमानाचा अनुभव शून्य आणि हौसही नव्हती. पण सगळे जमलेत, फोटो निघतायत, नाही कसं म्हणणार? उडायच्या आधीच मनगटावरच्या घड्याळात नाडी १३६ ते १४२. सीटचे पट्टे ढिले, हेल्मेटचा पट्टा लावलेलाच नाही. विमान झपकन वर चढलं आणि वैमानिकाने ते आडवं करताच काकांना वाटलं आपण सीटवरून उचलले जातोय. घाबरून जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते नेमकं मांड्यांच्या मधलं, माणसाला सीटसकट विमानाबाहेर उडवणारं इजेक्शनचं हँडल! पुढच्या क्षणी काका सुमारे अडीच हजार फुटांवर विमानाच्या बाहेर. हेल्मेट एकीकडे, काका दुसरीकडे. किरकोळ दुखापतींवर निभावलं.

खरं तर मागच्याने हँडल ओढलं की दोघंही बाहेर फेकले जायला हवेत. पण बिघाडामुळे पुढची सीट उडालीच नाही. वैमानिकाने कॅनोपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) नसलेलं विमान तसंच उतरवलं.

आता माझा प्रश्न. ह्या काकांनी नको तेव्हा, नको तिथे हँडल ओढलं. उलट शिकलेसवरलेले वैमानिक वर्षानुवर्षं सराव करूनही हँडल ओढायला उशीर करतात आणि त्यात जीव जातो, असं वाचलंय. हे असं का होत असावं? आणि विमानच कशाला, मैदान, गाव, नोकरी, सभागृह, कुठूनही बाहेर फेकलं जाण्याबद्दल लिहा. माहिती चालेल, किस्से पळतील.

निवांत_नाना

पहिला!

“सगळे जमलेत, नाही कसं म्हणणार” ह्या एका कारणापायी मी हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेलोय. तिथे असं हँडल असतं तर काकांच्याही आधी ओढलं असतं.

ओझरकर

चांगला धागा. आमच्या गावाला हा विषय घरचाच. विमानं बनवणाऱ्या एचएएलच्या कारखान्यामुळे मिग आणि सुखोईचे आवाज ऐकतच लहानाचे मोठे झालो. ४ जून २०२४ला, म्हणजे लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफाड तालुक्यातल्या शिरसगावला सुखोई शेतात कोसळलं. दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर पडले आणि वाचले. सगळा जिल्हा टीव्हीसमोर मतमोजणी बघत बसलेला, त्यात ही बातमी आली.

ह्या सीटचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. मार्टिन-बेकर ही ब्रिटिश कंपनी जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर ह्या दोघांची. १९४२मध्ये स्वतःच्याच कंपनीच्या विमानाची चाचणी घेताना बेकर गेले. त्यानंतर मार्टिन ह्यांनी वैमानिकाचा जीव वाचवणं हेच काम धरलं. २४ जुलै १९४६ला बर्नार्ड लिंच नावाच्या त्यांच्या कर्मचाऱ्याने उडत्या मीटिअर विमानातून स्वतःला फेकून घेऊन सीट सिद्ध केली. आज कंपनीचा आकडा साडेसात हजारांहून जास्त वाचलेल्या जिवांचा आहे. आपल्या तेजसमध्येही त्यांचीच सीट. मिग-२९ आणि सुखोईमध्ये मात्र रशियन के-३६.

झणझणीत_तर्री

हेलिकॉप्टरमधून इजेक्ट झालं तर वर पंख्यात खिमा होत नाही का? गंभीर प्रश्न आहे, हसू नका.

ओझरकर

@झणझणीत_तर्री, हसलो तरी उत्तर देतो. बहुतेक हेलिकॉप्टरांत इजेक्शन सीट नसतेच. रशियाच्या कामोव्ह केए-५० आणि केए-५२ मध्ये आहे. तिथे आधी स्फोटाने पाती उडवून देतात, मग माणूस.

अवकाळी_पाऊस

अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बरमध्ये खालच्या मजल्यावरचे दोघं *खाली* फेकले जातात. म्हणजे जमिनीजवळ असताना त्यांनी नुसतं रामनाम घ्यायचं. आणि १९६२मध्ये बी-५८ बॉम्बरची इजेक्शन कॅप्सूल तपासायला ध्वनीपेक्षा जास्त वेगात चक्क एक अस्वल बाहेर फेकलं होतं. वाचलं ते. त्याला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या फ्रेंच काकांच्या बाबतीतही लागू.

युरी गागारिनही यानासकट उतरला नव्हता. १२ एप्रिल १९६१ला साधारण ७ किलोमीटरवर तो व्होस्तोकमधून इजेक्ट झाला आणि वेगळ्या पॅराशूटने खाली आला. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानासह उतरावं असं होतं, म्हणून सोव्हिएत सरकारने बरीच वर्षं हे दडवून ठेवलं.

लाल_मातीवाला

विमानातलं आपल्याला कळत नाही, मैदानातलं सांगतो. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे २ मिनिटं बाहेर, लाल म्हणजे कपडे बदलून घरी जा. आमच्या तालमीच्या मैदानात कार्डं नव्हती. पंच शिट्टी तोंडातून काढून नुसतं बघायचे, की आपण समजून घ्यायचं.

फुटबॉलमध्ये ही कार्डं कुठून आली ठाऊक आहे? १९६६च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरीने अर्जेंटिनाचा कॅप्टन रातिनला बाहेर काढलं. त्याला जर्मन येईना, रेफरीला स्पॅनिश येईना. गडी कितीतरी वेळ मैदान सोडेना. रेफरींचे प्रमुख केन अॅस्टन त्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवत होते, सिग्नलला थांबले, पिवळा, लाल, आणि डोक्यात प्रकाश पडला. १९७०च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये कार्डं आली, पण लाल एकालाही दाखवावं लागलं नाही. वर्ल्डकपमधलं पहिलं लाल कार्ड १९७४मध्ये चिलीच्या कास्झेलीला.

आणि झिदान! २००६ची फायनल, ११०वं मिनिट, मातेराझ्झीच्या छातीवर डोकं. कारकिर्दीचा शेवटचा सामना आणि वर्ल्डकपच्या चषकाला वळसा घालून आत गेला. त्याला हँडल ओढायला उशीर झाला नाही, जरा लवकरच ओढलं. 😄

न्यूजर्सीची_मावशी

इकडे बेसबॉलमध्ये ही वेगळीच कला आहे. मुलाच्या नादाने बघायला लागले. मॅनेजर डगआउटमधून तरातरा येतो, अंपायरच्या नाकाशी नाक, टोपी आपटणार, बुटाने होम प्लेटवर माती उडवणार, आणि अंपायरने अंगठा दाखवला की शांतपणे आत जाऊन टीव्हीवर सामना बघणार. आधी वाटायचं बाई केवढा राग! मग शेजारच्या आजोबांनी सांगितलं, अर्धे वेळा तो मुद्दाम बाहेर जातो. आपल्या खेळाडूने अंपायरशी भांडून बाहेर जाण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, शिवाय पोरं पेटतात. अटलांटा ब्रेव्हजचा बॉबी कॉक्स कारकिर्दीत दीडशेहून जास्त वेळा बाहेर काढला गेला. विक्रम आहे तो. आपल्याकडे असा माणूस असता तर आईने जेवण बंद केलं असतं.

झणझणीत_तर्री

क्रिकेटमध्येही आहे आता. २०१७च्या नियमांपासून मारहाण वगैरे केली तर अंपायर खेळाडूला बाहेर पाठवू शकतात. पण मजेशीर प्रकार कॅरेबियन लीगचा. २०२३मध्ये षटकं वेळेत टाकली नाहीत तर शेवटच्या षटकात एक खेळाडू बाहेर, असा नियम केला. पहिला बळी सुनील नारायण! कोण बाहेर जाणार ते कॅप्टनने ठरवायचं. पोलार्डने हिशेब केला, नारायणची चार षटकं टाकून झालीत, जा बाबा तू. बळीचा बकरा निवडण्यात इतकं व्यवहारज्ञान मी फक्त आमच्या ऑफिसात पाहिलंय.

रूपाली_साठे_नव्हे

जरा वेगळा प्रश्न, धागा भरकटवल्याबद्दल सॉरी. बाबांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये “इजेक्शन फ्रॅक्शन ६०%” आलंय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची. बाबा म्हणतात “चाळीस टक्के हृदय गेलं” आणि कालपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर निरोपाचे मेसेज टाकतायत.

गावठी_डॉक्टर

@रूपाली, बाबांचा मोबाइल काढून घ्या. ६०% उत्तम आहे. शाळेचा पेपर नाही तो, शंभरपैकी काढायला.

हृदयाचा डावा कप्पा भरतो तेव्हा त्यात समजा १२० मिली रक्त असतं. एका ठोक्यात त्यातलं ७० मिली बाहेर फेकलं जातं, ५० आतच राहतं. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. धडधाकट माणसाचं साधारण ५५ ते ७० टक्के येतं. पूर्ण रिकामं होणारं हृदय नसतंच. आकडा ४० किंवा त्याखाली आला की पंप कमजोर झाला असं आम्ही म्हणतो. पण आकडा चांगला असूनही दम लागणारे रुग्ण असतात, कारण त्यांचं हृदय कडक झालेलं असतं आणि नीट भरतच नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका, परवा डॉक्टरांना सगळा रिपोर्ट दाखवा. तोवर बाबांना सांगा, फर्स्ट क्लास आहे.

रूपाली_साठे_नव्हे

धन्यवाद डॉक्टर _/\_ बाबांना सांगितलं. आता म्हणतायत “मग पाच टक्के वाढवता येईल का?”

तारकेश्वरी

खेळ, विमान, हृदय झालं. आता सूर्य. सूर्याच्या प्रभामंडलातून अब्जावधी टन भारित वायू चुंबकीय क्षेत्रासकट बाहेर भिरकावला जातो, त्याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात. तो पृथ्वीच्या दिशेने निघाला तर एक ते तीन दिवसांत पोचतो. मार्च १९८९मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवली.

आणि ह्यातला मुंबईचा वाटा फार कमी लोकांना ठाऊक असतो. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर झगझगीत ज्वाला पाहिली. जेमतेम १७-१८ तासांत तो लोंढा इथे आदळला. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कागद पेटले. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी हाताने घेत असत. त्यांत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ह्या नोंदीकडे वळतात, कारण इतर अनेक ठिकाणी मापन कागदाच्या बाहेर गेलं होतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापं बिघडतील म्हणून १९०४मध्ये ही वेधशाळा अलिबागला हलवली. म्हणजे सूर्याच्या इजेक्शनची नोंद घेणारी वेधशाळाच ट्रामने इजेक्ट केली! आता हे काम आदित्य-एल१ आकाशातूनही करतंय. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली.

भटक्या_विदर्भवाला

तारकेश्वरीताई, वरून पडलेल्याचंही सांगा की! लोणारला या. उल्का आदळली तेव्हा बेसाल्टचा चुरा आणि दगडगोटे बाहेर फेकले गेले, ते कडेभोवती अजून आहेत. विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद. काठावर चढताना पायाखाली ठिसूळ, वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले दगड लागतात, बाहेरच्या शेतात मात्र दख्खनचे नीट थर. वय विचाराल तर भांडण आहे. आधी ५० हजार वर्षं म्हणत, मग आर्गॉन पद्धतीने (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती) साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. गाइड मात्र लवणासुराची गोष्ट सांगतो, तीही ऐका.

कोकणी_फणस

सूर्यापर्यंत जाऊ नका, अंगणात तेरडा बघा. गौरी जाऊन महिना झाला की त्याची बोंडं फुगतात. टम्म झालेल्या बोंडाला नुसतं बोट लावलं की फट् करून सालं आत वळतात आणि बिया हातभर लांब उडतात. लहानपणी आम्ही शाळेतून येताना एकेक फोडत यायचो. म्हातारी ओरडायची, बी राहू द्या मेल्यांनो. पण आम्ही पेरणीच करत होतो की!

अवकाळी_पाऊस

आणि कोकिळा कावळ्याच्या पिलांना घरट्याबाहेर ढकलते, ते राहिलंच.

कोकणी_फणस

@अवकाळी, नाही हो. आपल्या कोकिळेचं पिलू सहसा ढकलत नाही, कावळ्याच्या पिलांसोबतच वाढतं. ढकलाढकली करतं ते युरोपातल्या कुक्कूचं पिलू. डोळे उघडायच्या आधी, पाठीच्या खोलगट भागात यजमानाचं अंडं घेऊन उलटं सरकत सरकत काठावरून टाकतं. १७८८मध्ये हे नीट लिहून काढलं ते एडवर्ड जेन्नरने. हो, तोच देवीच्या लसीवाला.

पुणेरी_पगडी

माणसांतलं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. ऑक्टोबर १८९०, पुण्यातलं ख्रिस्ती पाद्र्यांचं पंचहौद मिशन. व्याख्यानाला म्हणून शहरातली बडी मंडळी बोलावली, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं ठेवली. कुणी घेतला, कुणी कप नुसता हाती धरला. मग आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी ह्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणून झालं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं, रानड्यांनी १८९२मध्ये घेतलं आणि त्यावरून सुधारकांनी त्यांनाच धारेवर धरलं. एक कप चहा! तोही पुण्यात फुकट मिळालेला.

निवांत_नाना

पुण्यात फुकट चहा मिळाला, हीच ऐतिहासिक घटना. बाकी वाळीत टाकणं वगैरे आता इतिहासजमा झालं, बरं झालं.

चुलीवरची_भाकर

@निवांत_नाना, इतिहासजमा कुठे? आमच्या मावशीचं घर रायगडात. जमिनीच्या वादात तिच्या नवऱ्याने गावकीचं ऐकलं नाही म्हणून वाळीत टाकलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. दुकानदार सामान देईना, कारण देणाऱ्याला दंड. शिमग्याला पालखी वाडीतल्या प्रत्येक दारात थांबली आणि हिच्या दारावरून ढोल बंद करून पुढे गेली. मावशी तबक घेऊन उंबऱ्यात उभी होती. सासरे वारले तेव्हा खांदा द्यायला पोलीस पाटील आणि आमच्याकडची माणसं.

महाराष्ट्राने ह्याविरुद्ध २०१६मध्ये कायदा केला, ३ जुलै २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य म्हणतात. पण तक्रार करायची तर नावं घ्यायची सख्ख्या चुलत्यांची. तिला सगळे म्हणायचे “सोडून दे गाव, मुंबईला ये.” ती म्हणायची, मी उठले की त्यांचं काम झालं. तीन शिमगे गेल्यावर तडजोड झाली. चूक कुणाची ते आजही कुणी बोलत नाही.

खटपट्या, तुमच्या प्रश्नाचं माहीत नाही, पण उशीर करणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो असं नाही.

निवांत_नाना

शब्द मागे. मावशींना नमस्कार सांगा.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

विषय निघालाच आहे तर विधानसभेतून जुलै २०२१मध्ये १२ आमदार वर्षभरासाठी बाहेर काढले होते आणि जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचं निलंबन चालणार नाही म्हणून ते रद्द केलं. त्यावरून मला असं म्हणायचंय की ज्या पक्षाने

संपादक

वरच्या प्रतिसादातला पुढचा भाग आणि त्याखालचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. एक आयडी आठवडाभर बंद.

झणझणीत_तर्री

पॉपकॉर्न आणायला गेलो आणि तेवढ्यात धाग्यात प्रात्यक्षिकही झालं! तर्री वाढा, मला वाटलं मीच उडणार.

अवकाळी_पाऊस

आयडी उडाला तर पॅराशूट म्हणून डुआयडी (डुप्लिकेट आयडी) असतोच. झिरो-झिरो सीट आहे ती.

लोखंडी_पक्षी

बरेच दिवस नुसता वाचक आहे. हवाई दलात आर्मामेंट ट्रेडला (शस्त्रं-स्फोटकं सांभाळणाऱ्या शाखेत) होतो, ह्या सीट्स हाताखालून गेल्यात. म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडं लिहितो.

आधी सीटबद्दल. उभ्या विमानातही सीटखाली स्फोटकं जिवंत असतात. म्हणून लाल फित लावलेल्या सेफ्टी पिना. वैमानिक बसला, पट्टे आवळले, की पिना निघतात आणि त्या मोजून दाखवल्याशिवाय विमान हलत नाही. एक पिन राहिली तर सीट उडणार नाही, एक कमी असताना कुणी हँडलला धडकला तर हँगरमध्येच माणूस छताला. मी शिकाऊ असताना उस्तादांनी पहिल्या दिवशी हात मागे बांधून कॉकपिटमध्ये वाकायला लावलं होतं. बघायचं, शिवायचं नाही.

झिरो-झिरो म्हणजे उंची शून्य, वेग शून्य, तरी सीट वाचवते. पण हे विमान जमिनीवर सरळ उभं असताना. विमान नाक खाली घालून कोसळत असेल तर सीटने वर दिलेला धक्का आधी त्या पडण्याला पुरवावा लागतो. तिथे अर्धा सेकंद फार झाला. १९८९च्या पॅरिस एअर शोत कोसळत्या मिग-२९ मधून सोव्हिएत वैमानिक क्वोचुर अगदी शेवटच्या क्षणी निघाला आणि वाचला. तो व्हिडिओ सगळे बघतात. त्याच्यासारखे न वाचलेले दिसत नाहीत.

आता उशीर का? एक, इंजिन पुन्हा चालू करण्याची ड्रिल असते. ती एकदा केली, नाही झालं, माणूस दुसऱ्यांदा करतो. २७ मे १९९९ला कारगिलमध्ये आपल्या हवाई दलाचे वैमानिक नचिकेता ह्यांच्या मिग-२७चं इंजिन रॉकेट्स डागल्यावर बंद पडलं. त्यांनी चालू करायचा प्रयत्न केला, होत नाही म्हटल्यावर निघाले. पकडले गेले, पण जिवंत परत आले. दोन, खाली वस्ती दिसते. वळवून मोकळ्या रानात नेऊ, मग जाऊ, असं करता करता उंची संपते. हे भित्रेपण नाही आणि मूर्खपणाही नाही. तीन, जे उघडपणे कुणी बोलत नाही, ते म्हणजे विमान सोडलं की चौकशी. कोट्यवधींचं विमान होतं, अजून काही करता आलं असतं का, हे प्रश्न डोक्यात कॉकपिटमध्येच सुरू होतात. आणि चार, बाहेर पडणं काही सुखाचं नाही. पाठीचे मणके दाबले जातात, काही जण परत उडू शकत नाहीत. नचिकेता ह्यांनाही पाठीच्या दुखापतीमुळे पुढे मालवाहू विमानांवर जावं लागलं.

ह्यावर तोड एकच काढलीय. निर्णय हवेत घ्यायचाच नाही, उड्डाणाआधी जमिनीवर घ्यायचा. “विमान ताब्यात नाही आणि उंची इतक्याखाली गेली, की बाहेर.” बऱ्याच हवाई दलांत ही रेघ १० हजार फुटांवर आहे. ब्रीफिंगमध्ये ते रोज बोलून घेतात, कंटाळा येईपर्यंत. त्या क्षणी विचार करायला लागला तर माणूस विचारच करत बसतो.

@चुलीवरची_भाकर, तुमच्या मावशींच्या बाबतीत मात्र हा नियम लावू नये. विमान पुन्हा बांधता येतं.

खटपट्या

लोखंडी_पक्षी, ह्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. एक उपप्रश्न: वाचलेल्यांना मार्टिन-बेकर टाय देते म्हणतात, ते खरं का?

लोखंडी_पक्षी

खरं आहे. १९५७पासून त्यांचा इजेक्शन टाय क्लब आहे. पुरुषांना टाय, बायकांना ब्रूच. पण अट अशी की सीट त्यांचीच हवी. सुखोईतून निघालेल्यांना के-३६ ने जीव दिला, टाय नाही.

ओझरकर

म्हणजे निफाडवाल्यांना आमच्याकडूनच काहीतरी द्यावं लागणार. द्राक्षं चालतील का?